हुलगेसाहेबांची नाडी

साहेब कुठल्याही कागदावर सही करण्याआधी स्वतःची नाडी मोजत. डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं, टेबलावर साखळीचं घड्याळ, आणि पूर्ण एक मिनिट तोंडातून शब्द नाही. मग सही, आणि सहीखाली बारीक अक्षरात 'नाडी ७४'. खडूच्या मागणीवर नाडी, शिपायाच्या रजेवर नाडी. एकदा जीपच्या ट्यूबसाठी इस्माईलभाईंनी चिठ्ठी पुढं केली तेव्हा नाडी नव्वद भरली. साहेबांनी चिठ्ठी फाडली, अर्धा तास व्हरांड्यात फेऱ्या मारल्या आणि नव्या चिठ्ठीवर शहात्तरला सही केली.

"नव्वदला माणूस काहीही कबूल करतो," ते म्हणाले.

इस्माईलभाई जुन्नरचे. कचेरीची जीप चालवायचे. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बीए, ह्या माणसाची नाडी बघत बघत आपली बंद पडणार एक दिवस."

ही कचेरी म्हणजे नारायणगावच्या शाळेची एक खोली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत त्या चैत्रात पटकीची साथ आली होती. गावोगावचे आजारी मोजायचे, कुठं किती ते ठरवायचं आणि औषध कुठं धाडायचं ते जिल्ह्याला कळवायचं, एवढ्यासाठी सरकारनं ती तात्पुरती उघडली होती. साहेब प्रमुख, मी लेखनिक.

मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो. हे मी मुद्दाम सांगतो आणि संधी मिळाली तर पुन्हा सांगेन. आमच्या घरात माझ्याआधी सही कुणाची नव्हती, अंगठे होते. पदवी घेऊन मी गावी आलो तेव्हा आमच्या पोलीस पाटलांनी, तात्यांनी, मला फेटा बांधून वेशीपासून घरापर्यंत हलगी लावून मिरवलं. पुढं माझी धाकटी बहीण गया. पदवीची सुरळी तिनं कलशासारखी डोक्यावर घेतली होती. गया शाळेत गेली नाही. लहानपणी एकदा तिनं माझी पाटी ओढली म्हणून मी तीच पाटी तिला फेकून मारली होती. डाव्या भुवईत खोक राहिली. त्या मिरवणुकीत ती खोकसुद्धा मिरवतच होती.

असा मी संख्याशास्त्राचा एक पेपर देऊन, टक्केवारी पाठ करून, साहेबांच्या हाताखाली आलो. आणि पहिल्याच दिवशी पाहिलं तर साहेब शाळेच्या जमिनीवर गुडघे टेकून हुलगे मांडत होते.

फरशीवर त्यांनी चुन्यानं दोन्ही तालुक्यांचा नकाशा काढला होता. नद्या, ओढे, गावं, सगळं. एक आजारी माणूस म्हणजे एक हुलगा. माणूस बरा झाला की हुलगा परत कोटाच्या डाव्या खिशात. दगावला तर हुलगा खिडकीच्या कट्ट्यावर, आणि तिथल्या दाण्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती, झाडूवालीलासुद्धा नाही. गावोगाव त्यांना हुलगेसाहेब म्हणत. ते साहेबांना माहीत होतं आणि ते ऐकून ते मान डोलावत.

नकाशामुळं खोलीत चालायची पंचाईत होती. टेबलाकडं जायचं तर जुन्नरवरून लांब टांग टाकून घोडेगावाच्या अलीकडं पाय ठेवायचा. पाय चुकला तर साहेब ओरडत, "निरगुडसरवर उभे आहात तुम्ही!"

हुलगा ठेवायचाही नियम होता. मी चिठ्ठी वाचायची, साहेबांनी दाणा उचलायचा आणि विचारायचं, "पदवीधर, हा हुलगा कोण?" मग नाव सांगायचं, काय करतो ते सांगायचं, पाणी कुठलं प्यायला ते सांगायचं. सांगता आलं नाही तर हुलगा खिशात परत आणि मी सायकलवरून त्या गावाला.

स्वतः साहेब कुठं गेले की आधी घरातल्या रांजणाचा वास घेत. घरधनी 'या पावणं' म्हणेपर्यंत यांचं डोकं रांजणात. स्वतःची किटली आणि चहा बरोबर. पाणी तीनदा उकळायचे. विहीर दिसली की टोपी काढायचे. मी विचारलं, नमस्कार का? तर म्हणाले, "नमस्कार नाही. टोपी आत पडू नये म्हणून." दर सोमवारी बाजारात धान्याच्या काट्यावर बसून स्वतःचं वजन करून घ्यायचे आणि तेही रोजनाम्यात लिहायचे. मी मनात म्हणायचो, पुण्याला जाऊन शिकलो ते या माणसाचं वजन टिपायला.

आठवडाभरात मी सुधारणा सुचवली. चिठ्ठीचा नमुना बदलायचा. त्यात नाव कशाला? नावांची बेरीज होत नाही. त्याऐवजी 'मूळ गाव' असा रकाना घालायचा, म्हणजे एखादा पाहुणा बाहेरून रोग घेऊन आला असेल तर रोगाचा उगम सापडेल. शहरात असंच करतात, असंही मी ठोकून दिलं. साहेबांनी बराच वेळ नमुना पाहिला.

"नाव काढलंत तर निदान खूण ठेवा," ते म्हणाले. "तीळ, व्रण, काहीतरी. नाहीतर मी हुलगा कुणाचा म्हणून ठेवू?"

खुणेचा रकाना ठेवला. मग त्यांनी नाडी मोजली. चौऱ्याऐंशी. थोडी जास्त होती. मी आशेनं पाहत होतो. त्यांनी सही केली.

नवा नमुना गावोगावच्या पाटलांकडं गेला, आणि काय सांगू, चारच दिवसांत माझा रकाना फळाला आला. कुठल्याही गावची चिठ्ठी उघडा: आजारी तीन, तिघंही पाहुणे, मूळ गाव खडकमाळ. दुसरी उघडा: आजारी पाच, पाचही पाहुणे, मूळ गाव खडकमाळ. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. उगम सापडला! मी रूळ घेऊन लाल-निळ्या शाईत तक्ता आखला. खडकमाळ म्हणजे खोडदच्या पुढं माळावरची सात घरांची वस्ती. खानेसुमारीप्रमाणं माणसं अडतीस. आजारी एक्कावन्न.

"शेकडा प्रमाण किती?" साहेबांनी विचारलं.

"एकशे चौतीस, साहेब," मी ताठ मानेनं सांगितलं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. तक्ता मी माझ्या सहीनं जिल्ह्याला धाडून दिला. जिल्ह्याहून शाबासकीचं पत्र आलं. इतका स्वच्छ तक्ता या साथीत कुठल्याच कचेरीकडून आला नव्हता. सोबत कळवलं होतं: दोन्ही तालुक्यांसाठी मिळून एक लॉरी येत आहे. लॉरीत डॉक्टर, टोचणीवाले, विहिरींत टाकायचं लाल औषध आणि सलाइनच्या बाटल्या. साहेबांनी सहीचं पत्र दिलं की ती थेट खडकमाळला जाईल.

त्याच दिवशी कोंबडी आली.

शेजारच्या घरची तांबडी कोंबडी. आम्ही दोघं व्हरांड्यात किटलीपाशी होतो. परत येऊन पाहतो तर ती नकाशाच्या मधोमध, आणि खडकमाळचा ढीग निम्मा खलास. मी बोंब मारली. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं. कोंबडीचं चालू दिलं. ती गेल्यावर उरलेले दाणे मोजले. एकोणतीस.

"बावीस माणसं बरी केली," ते म्हणाले. "आपल्या कचेरीला इतकं जमलेलं नाही."

"साहेब, चेष्टा नको. माझा तक्ता—"

"त्याचंच विचारतो आहे. बाकी नकाशावर एकेक दाणा विखुरलेला. ही दारातून आली ती सरळ खडकमाळलाच का गेली?"

"ढीग तिथं होता म्हणून."

"आणि लॉरी?"

मी उरलेले दाणे सारखे करू लागलो.

"ढीग दिसला की तिकडं धावायचं, यासाठी बी.ए. लागत नाही," साहेब म्हणाले. मला ते इतकं लागलं की त्या दिवशी मी त्यांचा चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी येऊन शाळेच्या पटांगणात लिंबाखाली उभी राहिली. डॉक्टर घाईत. मी पत्र तयार ठेवलं होतं. साहेब नाडी मोजायला बसले. शहाण्णव. फेऱ्या मारल्या. अठ्ठ्याण्णव. तोंडावर पाणी मारलं. पुन्हा अठ्ठ्याण्णव.

"सही होत नाही," साहेब म्हणाले. "इस्माईलभाई, जीप काढा. लॉरी इथंच थांबेल. पदवीधर, चिठ्ठ्या घ्या. आणि उरलेले हुलगेही."

डॉक्टर मला म्हणाला, "यांचं नेहमी असंच चालतं का?" मी शरमेनं मान खाली घातली. माणसं तिकडं मरत असताना हे मनगट धरून बसले होते. मलाही वाटलं, आता वर तक्रार करावी.

खडकमाळच्या उतारापर्यंत जीप गेली, पुढं पायी. वर पोचलो तर एक म्हातारी अंगणात शेंगा फोडत बसलेली. दोघं गडी बैलाच्या खुराला तेल लावत होते. एकही खाट बाहेर नाही, कुठं कण्हणं नाही. साहेबांनी आधी रांजणाचा वास घेतला. मग विचारलं, "आजारी कुठं आहेत?"

"कुनाचे?" म्हातारी म्हणाली.

"तुमच्या गावचे. एक्कावन्न."

म्हातारीनं शेंगा बाजूला ठेवल्या. "अरं बापा, यवडी मान्सं आमच्यात असती तर आमी शाळा मागितली नसती व्हय?"

साहेबांनी मला खुणा वाचायला सांगितल्या. मी वाचू लागलो. "पुरुष, वय चाळीस, उजव्या पायाला सहा बोटं." सगळ्या वस्तीनं पाय पुढं केले. एक गडी म्हणाला, "पाच-पाचच हायेत राव, मोजून घ्या." पुढं वाचलं, "पुरुष, वय साठ, एक कान तुटका." सगळ्यांनी मुंडाशी काढून कान दाखवले. साहेब प्रत्येक वाचनाला एकेक हुलगा म्हातारीच्या सुपात टाकत होते. म्हातारीनं सूप हलवून पाहिलं आणि म्हणाली, "यवड्यात शेंगोळी व्हत्याल सगळ्यांची. बसा, दळते."

इस्माईलभाई हसून हसून बांधावर बसले. मला हसू येत नव्हतं. माझा तक्ता माझ्या डोळ्यांदेखत सुपात चालला होता. रागारागानं मी पुढची ओळ वाचली. तक्ता गेल्यावर आलेल्या चिठ्ठीवरून मी ती आदल्याच दिवशी सुवाच्य अक्षरात उतरवली होती.

"स्त्री, वय अठरा, डाव्या भुवईत पाटी लागल्याची खोक."

साहेबांनी हुलगा उचलला. "पदवीधर, हा हुलगा कोण?"

मी पुन्हा ओळ वाचली. चिठ्ठी आमच्या गावची होती. खाली तात्यांचा शिक्का.

"पदवीधर?"

"माझी बहीण आहे, साहेब," मी म्हणालो. "गया."

साहेबांनी तो हुलगा सुपात टाकला नाही. मुठीत धरला. "चौऱ्याऐंशीला मी तुमच्या नमुन्यावर सही केली," ते म्हणाले, "तेव्हाच चुकलो."

उतरून आम्ही जीपपाशी आलो. साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवला. लॉरी आमच्या गावी न्यावी, खडकमाळला एकही आजारी नाही, तक्ता खोटा आहे. 'खोटा' हा शब्द त्यांनी लिहिला नाही. पेन माझ्या हातात दिलं. "तुमचा तक्ता. तुम्हीच खोडा."

सगळ्या जिल्ह्यात नाव झालेला तक्ता. मी लिहिलं, 'खोटा', आणि सही केली. मग साहेबांनी मनगटावर बोटं ठेवली. मी घड्याळाकडं पाहत होतो. असं मिनिट मी पुन्हा आयुष्यात मोजलेलं नाही.

"एकशे अठरा," ते म्हणाले.

आता हे माळावर फेऱ्या मारणार. इस्माईलभाईंनी दात आवळून म्हटलं, "साहेब, पोरीचा जीव—"

साहेबांनी सही केली. खाली लिहिलं, 'नाडी ११८'. अक्षर मात्र नेहमीसारखंच बारीक. जीप सुटली. नारायणगावला लॉरी मागं घेतली आणि तशीच घोड नदीकडं आमच्या गावी आलो.

गावात देवळाला रंग चालला होता. कुस्त्यांच्या आखाड्याची माती खणत होते. जत्रा तीन दिवसांवर. तात्या समोर आले ते चुन्यानं माखलेले.

"तात्या, गया खडकमाळची कवापासून झाली?" मी विचारलं. रागानं माझी भाषासुद्धा घरची झाली होती.

तात्या आधी लॉरीकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "कागदावरचीच रं. गावात पटकी लिवली तर सरकार जत्रा बंद करतंय. बाजारात आमी समदे पाटील बसलो व्हतो. पाव्हन्याचा रकाना आलाय म्हनल्यावर कुनीतरी म्हनलं, खडकमाळ बरं. तितं पाटीलच न्हाई, तक्रार कोन करनार? तीन दिसांची तर गोस्ट. जत्रा झाली की परत गावची लिवनार व्हतो सगळ्यांना."

"आणि तोवर मेली असती तर?"

"तर..." तात्या अडखळले. "तर तिला गावचीच लिवली असती. येवडा बी मी वाईट न्हाई."

साहेबांनी तात्यांना फक्त विचारलं, "पाणी कुठलं पितात?"

घरात गया कोपऱ्यात पडली होती. डोळे आत गेलेले, हातांची कातडी धुणं पिळल्यासारखी. आई तिच्या ओठांना ओलं फडकं लावत होती. डॉक्टरनं बाटली काढली आणि टांगायला जागा बघू लागला. आमच्या घरात चांगला खिळा एकच होता. त्यावर माझ्या पदवीची चौकट. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी चौकट उतरवून भिंतीला पालथी टेकवली आणि त्या खिळ्याला बाटली लावली.

साहेबांनी खिळा हलवून पाहिला. "पक्का आहे," ते म्हणाले. "पदवीसाठी ठोकलेला दिसतो."

दोन बाटल्या गेल्यावर गयानं डोळे उघडले. साहेब खाली बसून तिची नाडी मोजत होते. त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं प्यायलीस, बाई?"

"वढ्याचं. पालखीची भांडी घासाया गेल्ते, तितलंच प्याले." मग तिनं मला पाहिलं. "दादा, आई म्हनती मी खडकमाळची झाले. मला इचारलं बी न्हाई कुनी."

संध्याकाळपर्यंत आसपासच्या गावांचे पाटील एकेक करून आले आणि आपापली माणसं परत मागून घेऊन गेले. तात्यांनीच त्यांना निरोप धाडले होते. साहेबांनी आमच्या ओसरीवर खडूनं नुसता ओढा काढला आणि आईकडून हुलगे मागून घेतले. या वेळी पाटलांना नाव सांगावं लागलं. नाव सांगितलं की दाणा त्याच्या खऱ्या गावी. मांडून झालं तेव्हा खडकमाळ रिकामं होतं आणि सगळे हुलगे ओढ्याच्या काठानं, माळेत ओवल्यासारखे. वरच्या टोकाला एक डोह होता. चार गावं तिथंच आजाऱ्यांची फडकी धूत होती आणि खालची गावं तिथलंच पाणी पीत होती. लॉरी सकाळी त्या काठानं वर गेली. माझ्या संख्याशास्त्रात हे कुठंच नव्हतं.

जत्रा अर्थातच बंद झाली. तात्या वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. एकदाच पारावर, मला ऐकू जाईल असं म्हणाले, "फेटा बांधला व्हता मी. ह्याच्यापायी?" पण पुढच्या पटकीत त्यांची पहिली चिठ्ठी आली तिच्यावर, रकाना नसताना, आजाऱ्यांची नावं होती.

जिल्ह्याहून साहेबांना दोन पत्रं आली. एकात विचारलं होतं की सरकारी कागदावर नाडी लिहिण्याचं प्रयोजन काय, आणि ती ११८ का. दुसऱ्यात कळवलं होतं की तक्ता वरच्या कचेरीत रुजू झाला असल्यानं आता दुरुस्ती करता येत नाही. त्यामुळं सरकारी अहवालात सर्वांत पीडित गाव खडकमाळच राहिलं, आणि पुढच्या वर्षी सरकारनं तिथं बांधीव विहीर दिली. म्हातारीनं नारायणगावच्या बाजारात मला गाठून सांगितलं, "लई उपकार झालं. पुन्यांदा कवा आजारी पडायचं आसंल तर कळवा."

कचेरी बंद झाली त्या दिवशी साहेबांनी फरशी स्वतः पुसली. खिडकीतले हुलगे रुमालात बांधले. त्यांतले दोन आमच्या गावचे होते, मी त्यांची नावं सांगू शकत होतो. मग कोटाच्या उजव्या खिशातून त्यांनी एक सुटा दाणा काढून दाखवला.

"हा खडकमाळवरून आणलेला. हा मी नेतो," ते म्हणाले. "ती बरी झाली हे मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही. बरं झाल्याची नोंद खडकमाळच्या रकान्यात करावी लागेल, आणि तिथं तर कुणी आजारीच नव्हतं."

तेव्हापासून दर चैत्रात त्यांचं पोस्टकार्ड येऊ लागलं. मजकूर एकच: 'आपल्या भगिनी कागदोपत्री अद्याप खडकमाळ येथे आजारी आहेत. प्रत्यक्षातली प्रकृती कळवावी.' खाली सही, सहीखाली नाडी. कार्ड मी सासरी गयाकडं घेऊन जायचो. ती भाकरीचा हात पुसून मनगट पुढं करायची, मी मोजायचो, आणि उत्तरात लिहायचो, 'बरी आहे. नाडी ७८.' गयाला अक्षर येत नाही, पण कार्डाचा खालचा कोपरा तिला पाठ झाला होता. हातात घेताच आधी तिथंच बघायची.

गेल्या चैत्रात कार्ड आलं. मी ते तिच्याकडं घेऊन गेलो. वाटेत वाचलं होतं. आता कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत दारात उभा होतो. अक्षर साहेबांच्या पुतण्याचं होतं.

गयानं कार्ड घेतलं. मनगट पुढं केलं होतं ते तसंच राहिलं.

"दादा," ती म्हणाली, "खाली आकडा न्हाई."